ऐकू येणे आणि ऐकणे

मराठी भाषेत ‘मला ऐकू येते’ आणि ‘मी ऐकतो’ ही दोन निरनिराळी वाक्ये आहेत. पहिल्या वाक्यात मनुष्य काहीच करीत नाही. ध्वनी आपण होऊन त्याच्याकडे येतो. दुसऱ्या वाक्यात मनुष्य कर्ता आहे. तो लक्ष देतो, निवड करतो, अर्थ लावतो. ह्याच क्रियापदाचा आणखी एक अर्थ घरोघर वापरात आहे. ‘हा मुलगा मुळीच ऐकत नाही’ असे आपण म्हणतो तेव्हा तो आज्ञा पाळत नाही, असे आपल्याला सुचवायचे असते. कानाने अधू असलेल्या कित्येक मुलांवर पहिला अन्याय होतो तो ह्या तिसऱ्या अर्थामुळे. ज्याला ऐकूच येत नाही तो ‘ऐकत नाही’ म्हणून बोलणी खातो, वर्गात मागच्या बाकावर बसवला जातो, आणि तेथे त्याला आणखीच कमी ऐकू येते.

पहिल्या वाक्यापासून दुसऱ्या वाक्यापर्यंत मुलाला कसे न्यावे, हा ह्या पुस्तिकेचा विषय आहे. श्रवणयंत्र बसवले की मुलाला ऐकू येऊ लागते; परंतु एवढ्याने ते ऐकू लागत नाही. यंत्र विकत मिळते, कित्येकदा सरकारी योजनेतून विनामूल्यही मिळते. ऐकणे मात्र शिकावे लागते, आणि त्याची शाळा बहुतांशी घरातच भरते.

असे का व्हावे, हे समजण्यासाठी कानाची रचना थोडी पाहिली पाहिजे. हवेतील ध्वनिलहरी कानाच्या पडद्यावर आदळतात, तेथून तीन इवल्याशा हाडांच्या साखळीवाटे त्या आतल्या कर्णशंखात पोचतात. गोगलगाईच्या शंखासारख्या ह्या नळीत द्रव भरलेला असतो आणि त्या द्रवाच्या हेलकाव्यांनी सूक्ष्म रोमपेशी हलतात. एका कानात ह्या पेशी सुमारे १५,००० असतात, आणि त्यांतील जेमतेम ३,५०० पेशी मेंदूकडे संदेश पाठविण्याचे मुख्य काम करतात. माणसाच्या कानातील रोमपेशी एकदा नष्ट झाल्या की पुन्हा उगवत नाहीत. नेहमीचे श्रवणयंत्र बाहेरचा आवाज मोठा करून उरलेल्या पेशींपर्यंत पोचविते. रोमपेशी जवळजवळ उरल्याच नसतील, तर शस्त्रक्रियेने कॉक्लिअर इम्प्लांट बसवितात. ते पेशींना वगळून सूक्ष्म विद्युत्प्रवाहाने सरळ श्रवणतंतूंनाच चेतविते. दोन्ही उपायांत मेंदूच्या दाराशी पोचतात ते केवळ संदेश. त्यांतून ‘आई’ हा शब्द ओळखण्याचे काम मेंदूचे आहे, आणि ते काम त्याला जन्मतः येत नसते.

ज्याचे कान धड आहेत असे मूल हे काम कधी शिकते? गर्भावस्थेच्या सहाव्या-सातव्या महिन्यापासूनच त्याला आवाज ऐकू येऊ लागतात. जन्मल्यानंतरही सुमारे वर्षभर ते नुसते ऐकत असते. ‘अजून कसे बोलत नाही?’ असे तीन महिन्यांच्या बाळाला कोणी विचारीत नाही. श्रवणयंत्र बसविलेल्या अडीच वर्षांच्या मुलाला मात्र आठव्याच दिवशी हा प्रश्न विचारला जातो! म्हणून श्रवणतज्ज्ञ मुलाची दोन वये मोजतात. एक जन्मापासूनचे, दुसरे यंत्र नियमित वापरू लागल्या दिवसापासूनचे. ह्या दुसऱ्याला श्रवणवय म्हणावे. अडीच वर्षांच्या मुलाचे श्रवणवय जर दोन महिने असेल, तर त्याच्याकडून दोन महिन्यांच्या बाळाइतकीच अपेक्षा प्रथम करावी. ते वयाने मोठे असल्यामुळे पुढे वेगाने चालते, ही गोष्ट निराळी.

मात्र ही वाट कितीही उशिरा धरली तरी चालते, असे नाही. १९९८ साली अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात क्रिस्टीन योशिनागा-इटानो आणि त्यांचे सहकारी ह्यांनी दीडशे मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. ज्या मुलांचे श्रवणवैगुण्य वयाच्या सहा महिन्यांच्या आत ओळखले गेले आणि ज्यांना लगेच मदत मिळाली, त्यांची भाषा उशिरा ओळखल्या गेलेल्या मुलांपेक्षा स्पष्टपणे पुढे होती. २००२ मध्ये अनु शर्मा, मायकेल डॉर्मन आणि अँथनी स्पार ह्यांनी इम्प्लांट बसविलेल्या मुलांच्या मेंदूतील लहरी मोजल्या. साडेतीन वर्षांच्या आत इम्प्लांट मिळालेल्या मुलांच्या मेंदूचा ध्वनीला मिळणारा प्रतिसाद थोड्याच महिन्यांत इतर मुलांसारखा झाला. सात वर्षांनंतर मिळालेल्या बहुतेक मुलांचा झाला नाही. मेंदूतील श्रवणाची जागा रिकामी राहिली तर दृष्टी आणि स्पर्श तिचा ताबा घेऊ लागतात. ‘ह्याचे आजोबाही उशिरा बोलले होते’ हे वाक्य आपल्या घरांत फार प्रेमाने बोलले जाते. ते किती महाग पडते हे ह्यावरून दिसेल.

येथे घरगुती परीक्षेविषयी एक इशारा दिला पाहिजे. बाळाच्या मागे थाळी वाजवावी, बाळाने दचकून पाहिले की निश्चिंत व्हावे, अशी पद्धत आहे. ती विश्वासार्ह नाही. थाळीचा आवाज बोलण्याच्या आवाजाहून कितीतरी मोठा असतो. शिवाय वाजविणाऱ्याची सावली, जमिनीची थरथर किंवा वाऱ्याची झुळूकही बाळाला वळवून जाते. बहिरी बाळेसुद्धा पहिल्या काही महिन्यांत हुंकार देतात, त्यामुळेही फसगत होते. १९७८ साली डेव्हिड केंप ह्यांनी असे दाखविले की निरोगी कान स्वतः अतिशय क्षीण असा ध्वनी बाहेर टाकतो. तो टिपण्याच्या चाचणीने आज झोपलेल्या नवजात बाळाचेही कान काही मिनिटांत तपासता येतात. शंका राहिली तर ‘बेरा’ नावाच्या चाचणीने श्रवणतंतूंचा प्रतिसाद पाहतात. पहिल्या महिन्यात चाळणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपायांना आरंभ, असे वेळापत्रक आता सर्वत्र मानले जाते. २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात श्रवणवैगुण्याचाही समावेश आहे, आणि मुंबईत १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था व म्हैसूरची अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था ह्या ठिकाणी तपासणी आणि पालकांना मार्गदर्शन ही दोन्ही होतात.

आता घराकडे वळू. आईबाप हेच ह्या शिक्षणाचे खरे शिक्षक, ही कल्पना ज्यांनी जगापुढे ठामपणे मांडली त्यांत लुईझ ट्रेसी ह्या अमेरिकन बाईंचे नाव घेतले पाहिजे. त्यांचे पती स्पेन्सर ट्रेसी हे पुढे चित्रपटांतील प्रख्यात नट झाले. १९२५ साली, मुलगा जॉन दहा महिन्यांचा असताना, दार धाडकन आपटूनही तो झोपेतून जागा झाला नाही, आणि त्यावरून तो बहिरा असल्याचे आईच्या ध्यानात आले. कोणाकडून फारशी आशा मिळेना, तेव्हा त्यांनी त्याला स्वतःच शिकविले. १९४२ मध्ये त्यांनी लॉस एंजेलिस येथे पालकांसाठी एक केंद्र काढले आणि पुढे दूरदूरच्या आईबापांना टपालाने विनामूल्य पाठ पाठविण्यास आरंभ केला. त्या पाठांचा विद्यार्थी मूल असले तरी पाठ लिहिलेले असत ते आईबापांसाठी. जॉनच्या लहानपणी आजच्यासारखी यंत्रे नव्हती. आज ती आहेत. म्हणजे काम सोपे झाले, संपले नाही.

पहिला नियम यंत्राविषयीचा. मूल जागे असेल तितका वेळ यंत्र कानावर असावे. ‘शिकवणीच्या तासाला घालतो’ हे उत्तर अनेक घरांत ऐकू येते. त्याचा हिशोब करून पाहावा. लहान मूल दिवसाचे बारा तास जागे असते असे धरले आणि यंत्र चारच तास घातले, तर दुसरी मुले एका वर्षात जितके ऐकतात तितके ऐकायला ह्या मुलाला तीन वर्षे लागतील. शिवाय भाषेचा मोठा भाग शिकवणीच्या बाहेरच शिकला जातो: अंघोळीच्या वेळी, जेवताना, दारात उभे राहून शेजारणीशी आईचे चालले असते तेव्हा. कानात बसणारा मऊ साचा सैल झाला की यंत्र शिट्टी मारू लागते. वाढत्या बाळाचा साचा म्हणूनच दर काही महिन्यांनी बदलावा लागतो. शिट्टीचा त्रास नको म्हणून आवाज कमी करून ठेवणे हा उपाय नव्हे. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात साच्याच्या नळीत ओल धरते. रात्री यंत्र ओल शोषणाऱ्या खड्यांच्या डबीत ठेवावे. बाळाच्या कानात तेल घालण्याची जुनी चाल मात्र सोडून द्यावी. आणि यंत्राचे बटणासारखे सेल मुलाच्या हाती लागू देऊ नयेत. गिळलेला सेल अन्ननलिकेला थोड्या तासांत गंभीर इजा करतो. असे घडल्यास क्षणभरही न थांबता मुलाला रुग्णालयात न्यावे.

दुसरी गोष्ट अंतराची. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सहा डेसिबेलनी उतरतो. हातभर, म्हणजे सुमारे अर्ध्या मीटरवरून बोलणारी आई जर दोन मीटरवर गेली, तर तिचा आवाज बारा डेसिबेलनी क्षीण होऊन मुलापर्यंत पोचतो. आपले कान ही तूट सहज भरून काढतात, यंत्र काढीत नाही. स्वयंपाकघरातून माजघरात हाक मारण्यापेक्षा चार पावले चालून मुलाजवळ जाणे, हा श्रवणशिक्षणातील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपेक्षित उपाय होय. ओरडून बोलणे हा त्याला पर्याय नाही. ओरडताना आ, ओ असे स्वर फुगतात. त, क, स अशी व्यंजने होती तेथेच राहतात आणि स्वरांखाली झाकली जातात. तोंडापुढे हात धरून बोलण्यानेही आवाज बिघडतो. मुलाने ओठ न पाहता ऐकावे असे वाटत असेल तर त्याच्या शेजारी, किंचित मागे बसावे.

मोठे कुटुंब हे अशा मुलाचे भाग्य असते आणि अडचणही असते. गोष्टी सांगायला आजी, खेळवायला चुलत भावंडे, निरनिराळ्या वयांचे निरनिराळे आवाज. ही श्रीमंती लहान कुटुंबात मिळत नाही. पण तेथेच चौघेजण एकदम बोलतात, दूरदर्शन संच चालू असतो आणि मिक्सर फिरत असतो. लहान मुलांच्या वर्गांसाठी अशी शिफारस केली जाते की शिक्षकाचा आवाज सभोवतालच्या गोंगाटापेक्षा निदान पंधरा डेसिबेलनी वर असावा. घरात मोजमाप कोणी करणार नाही. पण दिवसातून दोन-तीन वेळा अर्धा-अर्धा तास संच बंद, मिक्सर बंद, आणि एका वेळी एकानेच बोलायचे, एवढे घरातील वडीलधाऱ्यांनी ठरविले तर ते होते.

अमेरिकन श्रवणतज्ज्ञ नॉर्मन अर्बर ह्यांनी ऐकण्याच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत: आवाज झाला हे कळणे, दोन आवाजांतील भेद कळणे, आवाज कशाचा हे ओळखणे, आणि बोललेल्याचा अर्थ समजणे. पहिल्या पायरीसाठी आपली घरे संपन्न आहेत. कुकरची शिट्टी झाली की आईने हातातले काम थांबवावे, आपल्या कानाकडे बोट न्यावे, चेहऱ्यावर आश्चर्य दाखवावे, ‘शिट्टी झाली!’ म्हणावे आणि मुलाला कुकर दाखवायला न्यावे. फोडणीची चुरचुर, देवघरातली घंटा, दारावरची थाप ह्यांचेही तसेच. पण पुष्कळ पालक येथेच अडकतात. ते महिनोन् महिने डमरू आणि डबे वाजवीत बसतात. डब्याचा आवाज ओळखणारे मूल बोलणे ओळखेलच असे नाही. ऐकण्याचे खरे साहित्य माणसाचा आवाज हेच आहे, आणि सुरुवातीच्या काही आठवड्यांनंतर बहुतेक वेळ त्यालाच द्यावा. पक्षीप्राण्यांचे आपले शब्द ह्यासाठी उत्तम: गायीचे लांबलचक ‘हम्माऽ’, कुत्र्याचे तुटक ‘भूभू’, चिमणीचे बारीक ‘चिवचिव’. एक लांब, एक आखूड, एक उंच स्वराचा. मुलाच्या कानाला हे भेद आधी पकडता येतात.

पुढची पायरी आपल्या नात्यांच्या शब्दांतच दडलेली आहे. ‘मामा’ आणि ‘बाबा’ हे शब्द आरशासमोर उभे राहून आवाज न करता उच्चारून पाहावेत. ओठांची हालचाल सारखीच दिसते. प, ब, म ह्या तिन्ही व्यंजनांचा भेद डोळ्यांना कळत नाही, तो कानांनाच कळतो. ‘काका’ म्हणताना तर ओठ मिटतच नाहीत. ‘क’ घशाजवळ उमटतो आणि पाहणाऱ्याला केवळ उघडलेले तोंड दिसते. म्हणजे केवळ ओठ वाचणारे मूल मामा कोण आणि बाबा कोण हे शब्दावरून सांगू शकणार नाही. म्हणून दोघांची छायाचित्रे समोर ठेवून, मुलाच्या शेजारी बसून, ‘बाबा कुठे आहेत?’ असे विचारणे हा खेळ वाटतो तितका साधा नाही. चुकले तर रागावू नये. पुन्हा एकदा म्हणावे, बोटाने दाखवावे, आणि दाखवून झाल्यावर आणखी एकदा म्हणावे. आधी कान, मग डोळे, पुन्हा कान, हा क्रम सर्व घरकामांत पाळता येतो. ‘तुझे बूट आण’ असे म्हणताना लगेच बूट दाखविण्याची घाई आपण करतो. म्हणून झाल्यावर मनातल्या मनात सात आकडे मोजावेत. ह्या शांततेत मुलाचा मेंदू काम करीत असतो.

यंत्र नीट चालले आहे की नाही, हे रोज सकाळी पाहण्यासाठी डॅनियल लिंग ह्यांनी एक सोपी परीक्षा तयार केली. म्, ऊ, आ, ई, श्, स् हे सहा ध्वनी बोलण्याच्या साध्या आवाजात, मुलाच्या मागून किंवा बाजूने, एकेक करून उच्चारायचे. ऐकू आला की मुलाने लाकडी ठोकळा टोपलीत टाकायचा. दोन ध्वनींमधील अंतर कधी कमी, कधी जास्त ठेवावे, नाहीतर चतुर मुले तालावरच ठोकळे टाकतात. ह्या सहा ध्वनींत बोलण्यातील खर्जापासून तारस्वरापर्यंतचा सारा पट्टा येतो. ‘म्’ अगदी खालचा, ‘श्’ वरचा, ‘स्’ त्याहून वरचा, बहुतांशी ४,००० हर्ट्झच्या पलीकडचा. मूल ‘ई’ ला ‘ऊ’ समजत असेल, तर वरच्या पट्ट्यातील आवाज त्याच्यापर्यंत पोचत नाही असे समजावे. काल ऐकू आलेला ‘स्’ आज येत नसेल, तर आधी सेल, मग नळी, मग मुलाची सर्दी पाहावी.

हा ‘स्’ मराठीत किती मोलाचा आहे, हे भाषेच्या अभ्यासकालाही चटकन सुचत नाही. ‘तो आला’ आणि ‘तू आलास’, ‘ती जेवली’ आणि ‘तू जेवलीस’ ह्यांतील क्रियापदांचा भेद त्या शेवटच्या निःश्वासावर उभा आहे. ‘आईने दिले’ आणि ‘आईला दिले’ ह्यांतील भेद ‘ने’ आणि ‘ला’ ह्या, आपण घाईने गिळून टाकतो अशा, प्रत्ययांवर आहे. मूल शब्द बोलते पण प्रत्यय खाते, अशी तक्रार शिक्षक करतात. ते खात नसते. बहुधा ते त्याच्या कानापर्यंत आलेलेच नसतात. अशा वेळी प्रत्ययावर किंचित जोर देऊन, पण पूर्ण वाक्यात, बोलावे. ‘बाळ, पाणी’ अशी तुटक भाषा मुलाला सोपी वाटेल ही समजूत चुकीची आहे. वाक्याच्या चालीतून, चढउतारांतूनच मुलाला अर्थाचा पहिला धागा सापडतो.

चिऊकाऊची गोष्ट ह्या दृष्टीने ऐकून पाहावी. कावळा दार ठोठावतो, चिमणी प्रत्येक वेळी थांबायला सांगते, वाक्याची चाल तीच राहते आणि फक्त बाळाचे काम बदलते. ठरलेली चाल आणि तिच्यात एकच नवा शब्द, असा पाठ श्रवणतज्ज्ञ मुद्दाम रचतात. आपल्या आज्या तो पिढ्यान् पिढ्या विनासायास देत आल्या आहेत. तिसऱ्या-चौथ्या वेळी आजीने मध्येच थांबावे. मूल पुढचा आवाज स्वतः काढते का, हे पाहण्यासारखे असते.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांत एक प्रश्न नेहमी पडतो. बडोद्यात वा हैदराबादेत राहणाऱ्या कुटुंबाला कोणीतरी सांगते, की अशा मुलाला एकच भाषा द्या, आणि तीही शाळेची. घरचे मराठी बंद करा. हा सल्ला घातक आहे असे मला वाटते. आईला जी भाषा न अडखळता बोलता येते, जिच्यात ती रागावते, लाड करते, गुणगुणते, तिच्यातच मुलाला भरपूर आणि अस्सल बोलणे ऐकायला मिळते. तुटक्या परक्या भाषेतील दहा वाक्यांनी ती भर निघत नाही. एका भाषेत ऐकण्याची बैठक पक्की झाली की दुसरी भाषा शिकलेली श्रवणयंत्रधारी मुले पुष्कळ आहेत.

तसेच, ऐकायला शिकविणे म्हणजे मुलाचे हात बांधून ठेवणे नव्हे. भारतीय सांकेतिक भाषा ही स्वतंत्र व्याकरण असलेली पूर्ण भाषा आहे. तिच्या संशोधनासाठी व प्रशिक्षणासाठी २०१५ साली दिल्लीत केंद्र सरकारने संस्था स्थापन केली. काही मुलांत श्रवणतंतूच नसतो किंवा तो नीट काम करीत नाही. त्यांना कितीही सराव दिला तरी बोलणे ऐकून समजेलच असे नाही, आणि दोष कोणाचाच नसतो. यंत्र योग्य असून, दिवसभर वापरूनही काही महिन्यांत कोणताच बदल दिसत नसेल, तर सराव दुप्पट करण्याऐवजी तज्ज्ञाकडे फेरतपासणी करावी. मुलाला कोणत्या तरी एका मार्गाने वेळेवर भाषा मिळाली पाहिजे. ती न मिळता गेलेली वर्षे पुढे भरून काढणे फार कठीण जाते.

तज्ज्ञाकडे जाताना एक वही न्यावी. आज यंत्र किती तास घातले, सहा ध्वनींपैकी कोणते किती अंतरावरून ऐकू आले, कोणत्या हाकेला मूल वळले, कोणता शब्द ओठ न पाहता कळला, एवढ्या चार नोंदी रोज रात्री करण्यास पाच मिनिटे पुरतात. यंत्राचा सूर कमीजास्त करताना श्रवणतज्ज्ञाला ‘आता जरा बरे ऐकतो’ ह्या वाक्याचा फारसा उपयोग होत नाही. ‘मंगळवारपासून दोन मीटरवरून ‘श्’ ऐकू येतो, ‘स्’ येत नाही’ ह्या वाक्याचा होतो.